हरलेल्या दिवसाच्या बांगड्या

मी जन्मभर बांगड्या भरल्या. लिहिणं हा माझा प्रांत नव्हे, असं अंकाच्या संपादकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तुम्ही निजामाच्या काळातली घरं आतून पाहिलीत, तेवढंच लिहा." आता घरं आतून पाहिली हे खरं. डॉक्टर घरात येतो तो आजारपणात, जंगम येतो तो कार्यात, आणि पोलीस न बोलावता. कासार मात्र साध्यासुध्या दिवशी येतो आणि थेट माजघराच्या उंबऱ्यापाशी बसतो. त्यामुळं त्या घराचं कसं चाललंय हे त्याला न विचारता कळतं. कळलेलं बाहेर बोलायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. तो मी चाळीस-एक वर्षं पाळला. आता ज्या घराचं सांगतोय तिथली माणसं राहिली नाहीत, घरही दुसऱ्याचं झालंय, म्हणून लिहितो. नावं बदलली आहेत.

ज्यांनी कासार फक्त दुकानात पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आम्ही गाठोडं पाठीवर टाकून घरोघर आणि गावोगाव फिरत असू. बाईचा हात हातात घेतला की आधी अंगठ्याखालचं हाड दाबून पाहायचं. हात मऊ आहे की राठ, सांधा किती मिटतो, यावर माप ठरतं. मग हात सैल सोडायला सांगायचं. बाई घाबरली, चिडली, की हात ताठ होतो आणि बांगडी सांध्यावर अडकते. म्हणून कासार सारखा काहीबाही बोलत असतो. लोकांना वाटतं आम्ही जातीचे बडबडे. तसं नाही, बोलण्यात गुंतलं की हात ढिला पडतो. भरताना बांगडी गेली तर नुकसान आमचं, तिचे पैसे मागायचे नाहीत. आणि ती 'फुटली' असं तोंडातून काढायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं. सगळ्या भरून झाल्या की बाई वाकून नमस्कार करते, मग ती देशमुखाची सून असो की त्यांच्याकडं भांडी घासणारी. विशीतला असताना साठीच्या बायका माझ्यापुढं वाकायच्या तेव्हा मला कुठं तोंड लपवावं असं व्हायचं. पुढं सवय झाली. त्या नमस्कारामुळं आमचं नातं भावाचं होतं, हे मात्र मी कधी विसरलो नाही.

आमचं घर धाराशिवचं. सरकारी कागदावर तेव्हा उस्मानाबाद असलं तरी बाजारात सगळे धाराशिवच म्हणत. वडिलांच्या मागं मी गाठोडं उचललं ते दुसरी लढाई सुरू होण्याच्या सुमाराला. बांगड्या निवडायच्या बायकांनी आणि पैसे द्यायचे ओसरीवर बसलेल्या यजमानानं, अशी बहुतेक घरांतली रीत. त्यामुळं प्रत्येक फेरीला माझी गाठ घरच्या हौसेशी पडे आणि निघताना घरच्या कनवटीशी.

मल्लाप्पा शेटांची आडत मोंढ्यात होती. भुईमूग, करडई, तूर असा माल. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात दुधासारखा पांढरा सदरा. चाळिशीतला देखणा माणूस. शेतकऱ्याला फसवलं, माप मारलं, असं त्यांच्याबद्दल कोणी कधी बोललं नाही. बायको गंगाबाई अक्कलकोटाकडची, बांगड्या मोजायची ती कानडीत, वंदु, एरडु, मूरु. त्यांना एकच मुलगी, शांता.

शेटांना पत्त्यांचा नाद होता. बाजाराच्या दिवशी माल उतरून झाला की दुपारी आडतीमागच्या गोदामात तीनपत्तीचा डाव बसे. बार्शी आमच्या शेजारी, पण ती इंग्रजांच्या मुलखात. तिकडचे व्यापारी यायचे ते कलदार रुपये घेऊन. आमच्याकडं चालायचा निजामाचा हाली रुपया. कलदाराचा भाव हालीपेक्षा चढा, त्यामुळं डाव कलदारावर. एका बैठकीत बैलजोडीची किंमत इकडची तिकडं व्हायची. शेट म्हणायचे, खेळायचा रुपया कलदार आणि घरात मीठ-मिरचीला हाली, दोन्हीचा एकमेकांशी संबंध नाही. तो संबंध कसा होता ते मला सावकाश समजलं.

एकदा बाजारात बातमी फुटली की शेटांनी बार्शीवाल्यांना पार धुऊन काढलं. मी मनात म्हटलं, चला. दुसऱ्या दिवशी सकाळीच हैदराबादहून आलेल्या लाखेच्या, खडे बसवलेल्या बांगड्या घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. गंगाबाईंनी त्या हातात घेतल्या, प्रकाशात धरल्या आणि परत ठेवल्या. साध्या हिरव्या बांगड्या मागितल्या, त्याही मोजक्या. मला नवल वाटलं. पैसे घ्यायला ओसरीवर गेलो तर शेटांनी त्या काचेच्या बांगड्यांवर माझ्याशी अर्धा तास हुज्जत घातली.

"डझनाला येवढे? मागल्या बारीला दोन पैसे कमी हुते."

"शेट, लढाईमुळं माल न्हाय. जपानी बांगडी तर बंदच झाली."

"लढाई काय बांगड्यांसाठी चाललीय का? दोन पैसे कमी कर, न्हायतर उचल तुझं गाठुडं."

शेवटी मी दोन पैसे सोडले. आदल्या दिवशी हजारांत जिंकलेला माणूस दोन पैसे सुटले म्हणून खूश होऊन मांडी बदलून बसला.

पुढं दोनेक महिन्यांनी उलट बातमी आली. शेट साफ बुडाले, घोडीसुद्धा देऊन आले. त्या घरी जायला माझे पाय धजेनात, पण गंगाबाईंनी हिरव्या चुड्याची वर्दी दिली होती. तोंड पाडून गेलो. पाहतो तो घरात पेढ्यांचा पुडा, शांताच्या अंगावर नवं परकर-पोलकं, आणि गंगाबाईंनी लाखेच्या बांगड्या स्वतःहून मागितल्या. ओसरीवर शेटांनी किंमतसुद्धा विचारली नाही. रुपया टाकला आणि मी मोड काढायला लागलो तर हात हलवला. "ऱ्हाऊ दे रे. तुझ्या लेकराला खाऊ ने."

मला वाटलं हा एकेकाच्या स्वभावाचा भाग असेल. पण मग पेशकारसाहेबांचं कळलं. ते कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, त्यांनाही पत्त्यांचा शौक. पडद्याच्या घरात मी जात नसे, माझी बायको जाई. एकदा ती परत आली ती पदरानं वारा घेत, हसत. "आज बेगमसाहेबांनी बाहेर विचारून पाठवलं, तर सायबांनी एक आणा सोडला न्हाय. जितलेले दिसतेत." आणि पुढल्या खेपेला ती अंगणात असतानाच साहेब आतून म्हणाले म्हणे, "जो मांगती वो देओ उसकू, आज हिसाब नक्को." संध्याकाळी मोंढ्यात ऐकलं की साहेबांनी अंगावरची शेरवानी तेवढी राखली होती.

माझ्यापेक्षा माझ्या बायकोला हे आधी उमगलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

शेवटी एकदा शेट मोकळे बसले असताना मी विचारलंच, की जिंकल्यावर हात आखडता आणि हरल्यावर सैल, हे कसं. कासाराला थोडी तोंडाळपणाची मुभा असते. शेट रागावले नाहीत. म्हणाले, "जितलेला पैसा जित्ता असतोय, कासार. त्यो अजून चालायला असतोय. त्यातला आणा काढून मिठाला दिला की वाटतंय आपुन त्याचा पाय मोडला. उद्याच्याला त्या आण्याचे धा होणार असतेत. आन हरलो की जे उरतंय ते मेलेलं. हजार गेल्यावर ह्या रुपायाला काय जपू? जातंय तर जाऊ दे, घरची तोंडं तरी गोड होतील." ते असं सरळ सांगत होते की क्षणभर मलाही ते बरोबर वाटलं.

म्हणजे त्या घराचा संसार चालायचा तो हरण्यावर. हा उफराटा प्रकार बाहेरच्यांना कळणं शक्य नव्हतं. एकदा भर संक्रांतीला शेट तेरखेड्याहून पोतंभर फटाके घेऊन आले. गल्लीतली सगळी पोरं जमवली, स्वतः काड्या ओढून दिल्या. मोंढ्यातलं ठाऊक नसलेले शेजारी म्हणाले, शेटला घबाड लागलं. घबाड कसलं, त्या दिवशी रानाचा एक तुकडा गहाण पडला होता. आणि शेट जिंकून आले की घरात दिव्यातली वातसुद्धा बारीक व्हायची. तेव्हा शेजारी म्हणायचे, बिचारा बुडालेला दिसतोय. चुलीपाशी बसणाऱ्या बाईला काय भोगावं लागत होतं हे कोणाच्या लक्षात येत नव्हतं. जिंकलेल्या दिवसांत घरातलं काहीही डावावर लावायला जायचं. तांब्याचा हंडा गेला, समया गेल्या, गंगाबाईंच्या माहेरच्या पाटल्या गेल्या. त्यामुळं ती जिंकल्याच्या बातमीला जास्त भ्यायची.

शांता त्या वेळी सात-आठ वर्षांची असेल. मी तिच्या हातात बिल्लोरी बांगड्या चढवत होतो आणि हात सैल राहावा म्हणून काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "महादेवाला जातीस न्हवं रोज? काय मागतीस?"

ती म्हणाली, "आप्पा हरू देत म्हणते."

"असं का गं?"

"हरले की मला जवळ घेतेत. आन काय बी आणतेत."

तिच्या आवाजात काही दुःख नव्हतं. पाऊस पडू दे म्हणावं तसं ती बोलली. शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या गंगाबाईंचे हात थांबले. मुलगी खेळायला पळाल्यावर त्यांनी सूप बाजूला सारलं आणि मला म्हणाल्या, "भाऊ, माझं जे व्हायचं ते झालं. पण ह्या पोरीला जितणं-हरणं नसलेल्या घरात द्यायची. गरीब असंना. दररोज सारखीच भाकर मिळणारं घर पायजे. तवर मला ती सांभाळायची हाय."

एवढं एकच मागणं त्या बाईचं. आणि ते पुरं करायला तिनं जे हत्यार उचललं ते माझं गाठोडं होतं.

शेट हरून आले की ती मागायला लागली. घागर पाहिजे, इरकली लुगडं पाहिजे, पितळेचं घंगाळ पाहिजे. शेट त्या दिवशी नाही म्हणत नसत. आल्या वस्तू चार दिवस घरात मिरवायच्या आणि मग एक एक करून माझ्या गाठोड्यातून माझ्या घरी यायच्या. कासाराच्या गाठोड्यात डोकावायला पुरुषमाणूस येत नाही, त्यात बायकांचं लेणं असतं. मी घरोघर माल देऊन मोकळा होत आलो की गाठोड्यात जागाच जागा. लुगडी घडी करून तळाशी, वर दोऱ्यात ओवलेले बांगड्यांचे तोडे. घागरीसारखी बोजड वस्तू असली की माझी बायको डोक्यावर घेऊन यायची, पाणी भरून आणतेय असं भासवत. आमच्या घराच्या आतल्या खोलीत बांगड्यांच्या पेट्यांमागं हे सगळं साठत गेलं. शेटांना कळतं तर माझा धंदा संपला असता. घरातून वस्तू बाहेर काढणारा कासार, एवढं नाव झालं की धाराशिवात एकही दार उघडलं नसतं. बायको मला रोज ऐकवायची, पण एखादं लुगडं कसर लागेल म्हणून उन्हात घालायचं असलं की तीच आधी उठायची.

गंगाबाईंचं मात्र गल्लीत नाव खराब झालं. नवरा बुडाला तरी हिची हौस फिटत नाही, असं मोंढ्यातली बातमी लागलेल्या बायका माझ्यासमोर बोलायच्या. मी बांगड्या भरत राहायचो. त्या बोलण्याचा मला संताप यायचा आणि हात हलू न देता तो गिळावा लागायचा. शिवाय माझं स्वतःचं गणितही फार स्वच्छ नव्हतं. शेट हरले की माझी लाखेची बांगडी खपायची, आणि बाजारातली बातमी ऐकून मीही त्या बेतानं फेरी मारायचो.

शांता वयात आली. जळकोटचं स्थळ आलं. विरूपाक्षप्पा म्हणून शेतकरी, घरचं रान, विहीर, मुलगा काशिनाथ साधा आणि कामाचा. मी जळकोटला फेरीवर जायचो, ते घर मला माहीत होतं. रोज दिवेलागणीला जेवणारी, सणाला पुरणपोळी आणि एरवी भाकरी खाणारी माणसं. गंगाबाईंनी माझ्याकडून चौकशी करून घेतली आणि देवाला नारळ कबूल केला.

पाहुणे मुलगी बघायला आले त्या दिवशी गंमत झाली. आदल्या बाजारी शेट भरपूर जिंकले होते. विरूपाक्षप्पा ओसरीवर बसलेले, आत पोहे होतायत, आणि दारात मेथीवाली आली. शेटांनी पाहुण्यांसमोर एका जुडीवरून तिच्याशी अशी घासाघीस केली की गंगाबाई दाराआड लाजेनं मेल्या. मीही तिथंच होतो, शांताच्या हातात बांगड्या चढवून निघत होतो. मला वाटलं, मोडलं हे लग्न. विरूपाक्षप्पा मात्र जाताना मला वेशीपाशी भेटले आणि समाधानानं म्हणाले, "माणूस व्यवहारी हाय बगा. येवढी आडत असून पैशाला जपतोय. अशा घरची पोर संसार करंल." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

साखरपुडा झाला. शेटांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून गंगाबाईंना शब्द दिला, की लग्न पार पडेपर्यंत पत्त्याला शिवणार नाही. तो त्यांनी बरेच दिवस पाळलाही. आडतीतल्या तुरीचे पैसे आले, ते घेऊन वऱ्हाडाचे आहेर, मुलीची लुगडी आणि भांडी आणायला ते बार्शीला गेले. धान्य घरचंच होतं, मांडव दारात उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चुडा होता आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी लग्न.

लग्नाचा चुडा म्हणजे आमच्या धंद्यातला मानाचा दिवस. त्या दिवशी भाव करायचा नसतो, आम्ही सांगायचाही नसतो. ताटात खण, नारळ, शिधा आणि यजमान ठेवील ते. आधी नवरीला भरायचं, मग तिच्या आईला, मग जमलेल्या सगळ्या बायकांना. माझ्या भोवती ही गर्दी. शांताचे दोन्ही हात हिरवेगार भरून झाले होते. गंगाबाईंचा डावा हात भरून मी उजवा घेतला होता आणि त्या कधी नव्हे त्या हसून काहीतरी सांगत होत्या. तेवढ्यात बाहेर मोटारीचा आवाज आला. शेट आले.

त्यांच्यामागं हमालाच्या डोक्यावर टोपली होती. कपड्यांचे गठ्ठे नव्हते, भांड्यांची पोती नव्हती. टोपलीभर पेढे आणि मोगऱ्याचे गजरे. शेटांनी आपल्या हातानं बायकांना गजरे वाटले, शांताच्या तोंडात पेढा घातला. मग माझ्यासमोर आले आणि खिशातून मूठ भरून रुपये काढून चुड्याच्या ताटात टाकले. न मोजता. बायका कौतुकानं बघत राहिल्या. "बापाचं मन बगा केवढं," एक आजी म्हणाली.

माझ्या हातातला गंगाबाईंचा हात लाकडासारखा ताठ झाला. बांगडी सांध्यावर होती. मी अंगठा दाबला, पण तोवर ती गेलीच. चुड्याच्या वेळी बांगडी जाणं म्हणजे अपशकुन. मी मोठ्यानं म्हणालो, "माझ्याच हातून वाढवली, घाई झाली माझी." असं म्हणणं हे कासाराचं काम आहे आणि ते मी पटकन केलं. बायकांनी मला दोन शब्द सुनावले आणि वातावरण सैल झालं.

गंगाबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांनी शांताकडं पाहिलं. शांता पेढा तोंडात तसाच धरून बसली होती, गिळत नव्हती. तिलाही कळलं होतं. भर गर्दीत ते कळलेले आम्ही तिघंच. गंगाबाईंनी हात पुन्हा माझ्यापुढं धरला, सैल केला, आणि ओठ न हलवल्यासारखं बोलल्या, "भरा भाऊ. आन वैनीला सांगा, समदं आणा म्हणावं. मागल्या दारानं."

त्या दिवशी दुपारभर माझी बायको आणि तिच्या दोन बहिणी येत-जात होत्या. लग्नाच्या सकाळी मांडवात रुखवत मांडलं गेलं तेव्हा त्यात घागरी होत्या, घंगाळ होतं, परात, समयांची जोडी होती. आहेराची लुगडी घडीवर घडी. त्यांना थोडा वास येत होता बांगड्यांच्या पेट्यांतल्या भुशाचा, पण वऱ्हाडाला त्याचं काय. विरूपाक्षप्पा रुखवत बघून मान डोलवत होते, खोगीरभरती नाही, सगळं वापरायचं सामान आणलंय म्हणून.

सगळे जेवायला बसल्यावर शेट एकटे त्या भांड्यांसमोर उभे राहिले. मी कोपऱ्यात माझं गाठोडं आवरत होतो. त्यांनी घागरीला हात लावला, मग घंगाळाला. जुगारी माणूस जिंकलेलं विसरतो, हरलेला एकही डाव विसरत नाही. "ही त्या पोळ्याच्या बाजारी आणलती," ते म्हणाले. "हे घंगाळ रान गेलं त्या दिवशी." प्रत्येक वस्तूपाशी थांबले आणि प्रत्येक वस्तूचा दिवस त्यांना आठवला. शेवटी माझ्याकडं वळले. "कासार, माझी पोर माझ्या हरण्यावर चाललीय."

मी गाठोड्याची गाठ मारली. त्यांनी हे सामान कुठं होतं असं मला त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढंही कधी विचारलं नाही. वाचणाऱ्याला वाटेल, त्या दिवशी त्यांचा खेळ सुटला असेल. नाही सुटला. डाव लहान झाला, कारण लावायला उरलं नव्हतं. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या वर्षी आडत दुसऱ्याच्या नावावर झाली आणि त्यानंतर शेट फार दिवस राहिले नाहीत. गंगाबाई शेवटी माहेरी गेल्या. मी मात्र समाधानात होतो. पोर बाहेर पडली, तिच्या आईनं मागितलेलं एकच मागणं पुरं झालं आणि त्यात माझ्या गाठोड्याचा हात लागला, याचा मला गर्व होता. तो मी बायकोपाशी बोलूनही दाखवायचो.

निजाम गेला, हाली रुपया चलनातून उठू लागला, त्या दिवसांत मी फेरीवर जळकोटला गेलो होतो. शांताला दोन मुलं झाली होती. घर तसंच, शेणानं सारवलेलं, सगळं जागच्या जागी. तिनं हक्कानं बसवून घेतलं, हात पुढं केला. तेवढ्यात काशिनाथ तुळजापूरच्या बाजारातून आला. तुरीला बरा भाव मिळाला होता. त्यानं मुलांपुढं जिलेबीचा पुडा धरला आणि बायकोसाठी आणलेलं नवं लुगडं दोरीवर टाकलं.

माझ्या हातातला तिचा हात ताठ झाला. मी बांगडी मागं घेतली. ती उठली, पोरांच्या हातातून पुडा काढून घेतला आणि तो तसाच धरून मागच्या दारानं गोठ्याकडं गेली. पोरं रडायला लागली. मी काशिनाथकडं पाहिलं.

तो पाय धूत होता. म्हणाला, "काय न्हाय मामा. म्या काय बी आणलं की ती एकदा बैलं जाग्यावर हाईत का बगून येतीय. मग खातीय." मग पाय पुसत, "म्या कवा पत्त्याला हात लावला न्हाय, तिला बी ठाव हाय ते. तरी पाय जातेतच तिचे. म्हणून म्या सकाळी निघताना सांगून जातो, आज अमुक आणणार हाय, येवढ्याचं. सांगितलं की जात न्हाय ती. आज ह्यो भाव मिळंल असं कुणाला ठाव हुतं? सांगायचं ऱ्हायलं."

शांता परत आली. चेहऱ्यावर पुन्हा रंग आला होता. मुलांना जवळ ओढून पुडा सोडता सोडता ती नवऱ्याला म्हणाली, "हाईत दोनी."

"हाईत की," काशिनाथ म्हणाला. "बस आता. मामा खोळंबलेत."

तिनं माझ्यापुढं हात धरला. मी बोलायला लागलो, पोरांचं, पिकापाण्याचं, काहीबाही, आणि बऱ्याच वेळानं तो हात सैल पडला. मल्लाप्पा शेटांचा राग मला चुड्याच्या दिवशीही आला नव्हता. तो त्या दिवशी जळकोटात आला, आणि ज्यांच्यावर काढायचा ते माणूस तर केव्हाच गेलं होतं.